वाचाघाताच्या (मेंदूच्या इजेने, जसं स्ट्रोकने, भाषा अडलेल्या) पेशंटशी बोलताना

आधी टीव्ही बंद, चष्मा-कवळी जागेवर. डाव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये उजवीकडचं दिसणं अनेकदा जातं, म्हणून पेशंटच्या डावीकडून समोर या. आवाज चढवू नका. कान बहुतेक ठीक असतात, अडलेली असते भाषा. एका वेळी एकच छोटा प्रश्न: "आजोबा, पाणी हवं?" ग्लास दाखवा, मनात दहा आकडे मोजा. नातेवाईक मध्येच उत्तर देतात, त्यांना थांबवा.

खरी फसगत ‘हो’मध्ये. मान सवयीनेही हलते. म्हणून उलटा प्रश्न विचारा: "दुखतंय?" मग "दुखत नाहीये ना, बरं वाटतंय?" दोन्हींना ‘हो’ आलं, तर उत्तर धरू नका, कमी-जास्त दुखणं दाखवणाऱ्या चेहऱ्यांचा तक्ता द्या, बोट ठेवू द्या. पेशंट ‘हो’ कोणत्या खुणेने सांगतो, ते केसपेपरवर लिहा, नाहीतर रात्रपाळीची सिस्टर पुन्हा शून्यापासून सुरू करते. बोलणं अचानक आणखी बिघडलं, तर लगेच डॉक्टरांना बोलवा.