स्ट्रॉप, दोन स्ट्रॉप की बास्केट? विंच शिकणाऱ्यांसाठी

हेलिकॉप्टरच्या विंचवर, म्हणजे माणसांना केबलने वर ओढणाऱ्या यंत्रावर, नव्याने आलेली मुलं हमखास विचारतात, "सर, माणूस सगळ्यात लवकर कशाने वर येतो?" एका स्ट्रॉपने, म्हणजे केबलच्या हुकाला लावलेल्या उचलायच्या पट्ट्याने. पट्टा पाठीमागून काखेत, टॉगल (पट्टा आवळणारी कडी) खाली सरकवून घट्ट, दोन्ही हात खाली. नुकताच पाण्यात पडलेल्या, शुद्धीवरच्या माणसाला एवढं पुरतं. पण घाबरलेला माणूस केबल धरायला हात वर करतो आणि पट्ट्यातून निसटतो. म्हणून नुसता स्ट्रॉप सोडू नका, शक्य तेव्हा डायव्हरला, म्हणजे केबलवरून उतरणाऱ्या आपल्या बचावकर्त्याला, खाली पाठवून दोघांना एकत्र उचला.

पद्धत ठरवण्याआधी विचारायचं ते हे, की माणूस किती वेळ पाण्यात आहे? पाण्याने पाय चहूबाजूंनी दाबून धरलेले असतात. उभं उचललं की तो दाब जातो, रक्त पायांत उतरतं, रक्तदाब कोसळतो. तासन्‌तास तग धरलेला माणूस केबलवर दगावू शकतो. 1979 च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत 15 खलाशी गेले, त्यांतले काही वाचवून बाहेर काढतानाच. आपला अरबी समुद्र गरम, इथे कसला धोका, असं म्हणू नका. 28 अंशांचं पाणीसुद्धा अंगातली ऊब शोषतच राहतं. तौक्ते वादळात, मे 2021 मध्ये, बुडालेल्या पी-305 बार्जवरची (कामगारांच्या मोठ्या तराफ्यावरची) माणसं कित्येक तास लाटांत होती.

अशा वेळी दोन स्ट्रॉप वापरा, एक काखेत, दुसरा गुडघ्यांखाली. माणूस बसल्यासारखा, जवळजवळ आडवा वर येतो. उसळत्या लाटेत दुसरा पट्टा घालणं जिकिरीचं असतं, इंधनाचा काटा खाली येत असतो, तरी डायव्हरला तेवढा वेळ द्याच. नाकातोंडात पाणी जात असेल तर मात्र आडव्याचा हट्ट सोडा, आधी बाहेर काढा.

लहान मुलं आणि गळून गेलेली माणसं यांच्यासाठी मला बास्केट, म्हणजे माणूस आत बसवून उचलायची टोपली, आवडते. पट्टा धरून ठेवायची जबाबदारी त्यांच्यावर राहत नाही. मणक्याला मार असेल तर स्ट्रेचर. ते पंख्याच्या वाऱ्यात गरगरतं, त्याला खालून आवरायला दोरी हवीच.

काहीही सोडा, हुक आधी पाण्याला टेकू द्या. हेलिकॉप्टरवर साठलेली स्थिर वीज तिथे उतरते. नाहीतर पहिला हात लावणाऱ्याला सणसणीत झटका बसतो. बोटीवरून उचलताना सोडलेली हाय-लाइन (केबलला दिशा द्यायची दोरी) खालच्या लोकांनी हातात धरायची, बोटीला कधीही बांधायची नाही. हे त्यांना दोरी सोडण्याआधी सांगा. डोक्यावर हेलिकॉप्टर आल्यावर कुणालाच काही ऐकू येत नाही.