किल्टवर टाय लावू का? आधी कोट कुठला ते सांगा: या चुका टाळा

स्कॉटलंडात राहणाऱ्या मराठी माणसाला लग्नसराईत एक फोन हमखास येतो. ऑफिसातल्या सहकाऱ्याचं किंवा वर्गमित्राचं लग्न असतं, किल्ट, म्हणजे पुरुषांचा चुण्यांचा गुडघ्यापर्यंतचा स्कॉटिश पोशाख, भाड्याने घेतलेला असतो आणि प्रश्न असतो, "दादा, वर टाय लावू ना?" मी उलट विचारतो, "कोट कुठला दिलाय?" पलीकडून उत्तर येतं, "काळा."

किल्टला टायशी काही देणंघेणं नाही. नुसत्या धोतराकडे बघून वर उपरणं शोभेल की कोट हे जसं सांगता येत नाही, तसंच हे. गळ्यात काय बांधायचं ते कोट ठरवतो, आणि कोट कुठला हे समारंभाची वेळ ठरवते. दुकानात मात्र उलटा क्रम चालतो. टार्टन, म्हणजे किल्टची चौकडी, निवडण्यात तासभर जातो आणि कोट पुतळ्याच्या अंगावर असेल तो उचलला जातो.

चूक पहिली, आणि माझ्या डोक्यात जाणारी: प्रिन्स चार्लीवर लांब टाय

पुतळ्याच्या अंगावर बहुतेक वेळा असतो तो प्रिन्स चार्ली कोट. पुढून कंबरेशी संपणारा, मागे छोट्या शेपट्या, चकचकीत कॉलर, चांदीची बटणं. त्याच्या आतला वेस्टकोट तीन बटणांचा, खोल गळ्याचा. हा संध्याकाळचा पोशाख, म्हणजे डिनर जॅकेटचा हायलँडमधला भाऊ. त्याच्यावर बो बांधायचा. वेस्टकोटाचा खोल गळा शर्टाची पांढरी छाती आणि बो दिसावा म्हणूनच तसा कापलेला असतो.

दुसरा कोट आर्गाइल. थोडा लांब, साधा, बाहीच्या टोकाला बटणांची पट्टी, आणि आतला वेस्टकोट पाच बटणांचा, वरपर्यंत बंद होणारा. हा दिवसाचा. याच्यावर नेहमीचा लांब टाय शोभतो. कोट ट्वीडचा असेल तर लोकरीचा टाय आणखी छान.

एका मित्राचा भाचा ग्लासगोला शिकत होता. स्टर्लिंगजवळ वर्गमित्राचं लग्न, विधी दुपारी एकला. पठ्ठ्याने प्रिन्स चार्ली घेतला, "फोटोत भारी दिसतो" म्हणून. दुकानदाराने सोबत इलॅस्टिकचा बो दिला होता. तो याला लहान मुलांचा वाटला, म्हणून पुण्याहून आणलेला मरून रेशमी टाय बांधला. मी मंडपाच्या दारातच बघितलं आणि कपाळावर हात मारला. खोल गळ्यामुळे टाय वेस्टकोटात धड दबत नव्हता, पोटावर फुगून बाहेर येत होता. त्यात किल्ट बेंबीच्या उंचीवर बांधतात आणि वेस्टकोट तिथेच संपतो, त्यामुळे पँटवर बरोबर बसणारा टाय किल्टवर चांगला वीतभर जास्त होतो. टोक वेस्टकोटाखालून निघून थेट स्पॉरनवर, म्हणजे पुढच्या केसाळ बटव्यावर लोळत होतं. जेवताना ते सूपमध्ये बुडालं. रात्री 'केली', म्हणजे स्कॉटिश नाचगाण्याचा कार्यक्रम, सुरू झाला. त्यातल्या 'स्ट्रिप द विलो' नाचात माणसं एकमेकांना गरगर फिरवतात, तेव्हा तोच ओला टाय नवरीच्या मावशीच्या चष्म्यावर बसला. मावशी हसल्या. भाचेसाहेब उरलेली रात्र टाय खिशात घालून उघड्या गळ्याने फिरले, ते तर त्याहून वाईट.

इथले कित्येक नवरदेवही भाड्याच्या प्रिन्स चार्लीवर लांब टाय लावतात, हे मला माहीत आहे. दुकानं आता त्या कोटाबरोबर पाच बटणांचा वेस्टकोटही देतात, म्हणजे टाय निदान दबतो. चालतं म्हणणारे म्हणोत. मला तो प्रकार अर्धवटच वाटतो.

माझा तोडगा सरळ आहे. एकच कोट घ्यायचा असेल तर काळ्या कापडाचा, चांदीच्या बटणांचा आर्गाइल घ्या. दुपारी त्यावर लांब टाय, संध्याकाळी तोच कोट आणि बो. टाय मी नेहमी दुहेरी गाठीचा बांधतो, म्हणजे लांबी खाल्ली जाते. तरी शेपूट उरलंच तर शर्टाच्या दोन बटणांमधून आत सारतो. वेस्टकोट घातल्यावर ते कुणाला दिसत नाही. बो मात्र हाताने बांधायचा. लग्नाच्या सकाळी व्हिडिओ लावून शिकायला बसू नका. आदल्या आठवड्यात उशी मांडीवर ठेवून सराव करा. तेवढाही धीर नसेल तर इलॅस्टिकचा लावा, पण मग इतरांच्या बोची चेष्टा करू नका.

"ब्लॅक टाय" म्हणजे काळा टाय नव्हे

आमंत्रणावर "ब्लॅक टाय" लिहिलंय, म्हणून काळा लांब टाय विकत घेणारे सुशिक्षित लोक मी बघितले आहेत. त्याचा अर्थ काळा बो. ब्रिटनमध्ये काळा लांब टाय अंत्यविधीला बांधतात. २५ जानेवारीच्या बर्न्स नाइटला, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सच्या आठवणीतल्या मेजवानीला, तो लावून गेलात तर लोक हळू आवाजात विचारपूस करतील. अंत्यविधीला किल्ट घालायचाच असेल, तर मात्र साधा गडद कोट, कातडी स्पॉरन आणि हाच काळा टाय.

"व्हाइट टाय" असेल तर प्रकरण आणखी वर जातं. गळ्यापर्यंत बटणं लागणारा माँट्रोज कोट आणि गळ्यावर लेसची झालर, तिला जॅबो म्हणतात. तिथे टायही नाही आणि बोही नाही.

टार्टन किल्टवर त्याच टार्टनचा टाय नको. पडद्याच्या उरलेल्या कापडातून शिवल्यासारखा दिसतो. ब्लॅक वॉच या गडद निळ्या-हिरव्या टार्टनवर गडद निळा किंवा हिरवा, रॉयल स्ट्यूअर्ट या लाल टार्टनवर एकरंगी गडद, बस्स. तिरप्या पट्ट्यांचे टायही सांभाळून. इथे ते बऱ्याचदा एखाद्या पलटणीचे, शाळेचे किंवा क्लबचे असतात, आणि त्या पलटणीतले आजोबा नेमके तुमच्याच टेबलावर येतात.

पुढे नाडीवाला सैल गिली शर्ट आरामाचा आहे. त्यावर टाय लावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. औपचारिक समारंभाला मुळात तो नकोच.

जीन्सचं माप देऊ नका

टायइतकाच वैताग या चुकीचा. ऑनलाइन अर्जात लोक डोळे झाकून "३२" लिहितात. जीन्स कुल्ल्यावर बसते आणि किल्ट बेंबीवर, मग मापं जुळणार कशी? आठ यार्डांच्या लोकरी किल्टमध्ये सव्वासात मीटरच्या आसपास कापड असतं. ते खाली घसरायला लागलं की कुठलाही टाय लाज राखत नाही. किल्ट घसरला की वेस्टकोटाखाली शर्टाची पट्टी उघडी पडते, चुण्या पसरतात आणि खालची कड गुडघ्याखाली जाते. टेपने बेंबीवर मोजा, मग बसण्याचा सगळ्यात रुंद घेर, मग बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतची लांबी. दुसऱ्याला मोजायला लावा. स्वतः खाली वाकून बघितलं की माप बदलतं. पोट आत ओढून फसवू नका, जेवण पाच पदार्थांचं असतं.

उरलेलं पटापट

चुण्या मागे. हसू नका, उलटा घातलेला मी बघितला आहे.

किल्टची पिन फक्त वरच्या पदरातून काढायची. दोन्ही थर एकत्र टोचले तर चालताना किल्ट ओढला जातो आणि फाटतो. भाड्याचा असेल तर भरपाई वेगळी.

वेस्टकोट घातला की पट्टा नको.

स्पॉरन वेस्टकोटाखाली चार बोटं, त्याहून खाली नाही. नाचताना बाजूला सरकवा.

गिली ब्रोग बुटांच्या लांब नाड्या घोट्याशी गुंडाळा. पोटरीवर गुडघ्यापर्यंत चढवल्या की रोमन सैनिक दिसतो.

मोज्यांवरच्या रंगीत फिती बाहेरच्या बाजूला. पांढरे मोजे मला आवडत नाहीत, पण दुकानं तेच देतात.

स्किन डू, म्हणजे मोज्यातला छोटा सुरा, उजवखोऱ्याने उजव्या पायात ठेवायचा. विमानाने जाणार असाल तर तो चेक-इन बॅगेत टाका. दुकानं प्लॅस्टिकची मूठही देतात, तिला पातं नसतं. पाहुणा म्हणून जाणाऱ्याला तेवढी पुरते.