क्वांटमच्या ट्युटोरियलमध्ये या चुका टाळा

पेटीतला कण (दोन अभेद्य भिंतींमध्ये कोंडलेल्या कणाचं गणित) मुलांना पाठ असतो. श्रोडिंजरचं समीकरण, भिंतींच्या अटी, साइनचं सूत्र, संपलं. मग विचारा: इलेक्ट्रॉन पहिल्या दोन ऊर्जापातळ्यांच्या समसमान मिश्रणात (सुपरपोझिशनमध्ये) आहे, ऊर्जा मोजली तर किती मिळेल? बरेच जण ठामपणे म्हणतात, पहिल्या पातळीच्या अडीचपट. ती सरासरी झाली. एका मोजणीत एकपट मिळेल नाहीतर चौपट.

इथे लगेच उत्तर सांगून टाकणं ही आपली सर्वांत मोठी चूक. तीन-चार जणांच्या गटात भांडू द्या आणि आपण गप्प राहा (शिक्षकाला हेच जड जातं). फारच अडले तर विचारा, फाशावर साडेतीन कधी पडतात का? पण उपमा तिथेच सोडा. ऊर्जा लगेच पुन्हा मोजली तर तेच उत्तर येतं, फाशाचं तसं नसतं.

पुढची अडचण काळाची. मुलं अख्ख्या मिश्रणाला एकच फेज (काळाबरोबर फिरणारा गुणक) लावतात आणि "संभाव्यता बदलत नाही" म्हणून मोकळी होतात. दोन्ही पदांना आपापली फेज लावून आलेख काढायला सांगा. एक नॅनोमीटरच्या पेटीत संभाव्यतेचा ढीग एका भिंतीकडून दुसरीकडे जाऊन सुमारे ३.७ फेम्टोसेकंदांत परततो. हा आकडा त्यांनीच काढावा.

टनेलिंगमधला (ऊर्जा अपुरी असूनही कण अडथळ्यापलीकडे सापडतो, त्यातला) गोंधळ मात्र आपणच फळ्यावर घालतो. ऊर्जेची रेघ आणि तरंग एकाच अक्षावर काढले, की पलीकडचा बुटका तरंग पाहून मुलं म्हणतात, "कणाची ऊर्जा खर्च झाली." कमी झाली ती सापडण्याची संभाव्यता. वर ऊर्जेची आकृती, खाली तरंगाची, अशा दोन वेगळ्या काढा. अडथळ्याच्या दोन्ही बाजूंना विभव (स्थितिज ऊर्जा) सारखं असेल तर तरंगलांबीही सारखीच, हे मोजपट्टीने तपासायला लावा.

हॅमिल्टोनियन (ऊर्जेसाठीची गणिती क्रिया) लावला म्हणजे ऊर्जा मोजली, हा समज सहज खोडता येतो: वरच्याच मिश्रणावर तो लावून बघा, दोन्ही पदं शिल्लक राहतात.

कोलोरॅडो विद्यापीठाची फेट (PhET) सिम्युलेशन्स मोफत आहेत, जरूर वापरा. पण आधी कागदावर अंदाज, मग माऊस. नाहीतर तास बटणं दाबण्यात जातो.

आणि परीक्षेत नुसती इंटिग्रल्सच विचारणार असाल, तर दुसऱ्या आठवड्यापासून ट्युटोरियलला बाकं रिकामी दिसतील.