वेण्णाकाठी हिमकण : शनिवारी दुपारीच वाफे भिजवा

यंदा थंडी लवकर उतरली आहे. आभाळ कोरं आहे आणि संध्याकाळी वारा पार थांबतोय. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव, लिंगमळा आणि आसपासच्या सखल शेतांना शनिवार-रविवारच्या रात्री हिमकणांमुळे (गोठलेल्या दवामुळे) अवघड जाणार, असं धरूनच चाला. बाकीची कामं राहिली तरी चालतील, पण स्ट्रॉबेरीचा वाफा कोरडा ठेवून झोपू नका.

दरवर्षी हेच सांगतो, कारण दरवर्षी नुकसान याच एका हयगयीनं होताना बघतो. गारठा वाढला की लोक ठिबक बंद करतात. कोणी म्हणतं, गार पाण्यानं रोप आणखी गारठेल. कोणाला फळकुजीची धास्ती असते. प्रत्यक्षात ओली माती दिवसभराचं ऊन पोटात घेते आणि रात्रभर थोडं थोडं सोडते. कोरड्या मातीत नुसती हवा भरलेली, तिच्यात ऊब मुरतच नाही. एकाच बांधाच्या दोन बाजूंची शेतं मी पाहिली आहेत. जात तीच, लागवड त्याच आठवड्यातली. भिजवलेल्या वाफ्यावरची फुलं बरीचशी वाचली, कोरड्यावरची काळी पडली.

काळी म्हणजे कशी, तेही नीट बघून ठेवा. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र राहतात, म्हणून सकाळी लांबून सगळं ठीक वाटतं. जवळ जाऊन मधली पिवळी गोंडी बघा. उन्हं वर येईपर्यंत ती तपकिरी आणि मग काळी होते. त्या फुलाचं फळ गेलं. अर्धवट मार बसला असेल तर फळ धरतं, पण वेडंवाकडं. उमललेलं फूल उणे १ अंशाच्या आसपास जातं. मिटलेली कळी त्याहून जास्त थंडी सोसते.

'महाबळेश्वरचा पारा तर ९ अंश सांगतायत,' असं म्हणून निवांत राहू नका. हवामान केंद्राचा तापमापक सावलीच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंच असतो. तुमचं फूल वाफ्यापासून जेमतेम वीतभर वर, उघड्या आभाळाखाली असतं. गार हवा पाण्यासारखी उतारानं वाहते आणि तळ्याकाठच्या खोलगटात साचते. म्हणूनच केंद्रावर ८-९ अंश असताना तलावाच्या जेटीवर आणि गाड्यांच्या टपांवर हिमकण पांढरे दिसतात. एक साधा किमान तापमापक घ्या आणि शेताच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, फुलाच्या उंचीवर लावा. दुकानातल्या कुठल्याही बाटलीपेक्षा तो स्वस्त पडेल.

माझा अंदाज असा : रात्री नऊला तारे टपोरे दिसतायत, झाडाचं पान हलत नाही आणि तलावावर धुकंही नाही, तर पहाट वाईट जाणार. धुकं बसलं किंवा ढग आले, तर बहुतेक रात्र निभावते.

शनिवारी :
– पिकलेली फळं सकाळचं दव सुकल्यावर तोडा
– ठिबकच्या नळ्या तपासा, फिल्टर धुवा
– सऱ्यांमधला पेंढा आणि वाळलं गवत बाहेर काढा
– खालच्या बांधावरचं गवत कापा, कुंपणाला लावलेली हिरवी जाळी खालून गुंडाळा (गार हवेला बाहेर पडायला वाट हवी)
– दुपारी २ ते ४ पाणी
– गोठ्याला गोणपाट, कोंबड्यांना आडोसा

पेंढा काढायला सांगितला की लोकांना नवल वाटतं. पेंढ्यानं ऊब राहते ती मातीत अडकून, वर फुलापर्यंत येत नाही.

पाणी किती, हे घड्याळावर ठरवू नका. मल्चिंग पेपरच्या (वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकच्या) भोकातून हात घालून वीतभर खोलीची माती काढा आणि मुठीत दाबा. लाडू वळला तर ओल पुरेशी आहे. भुगा झाला तर आणखी सोडा. पाणी बोटांतून निथळलं तर जास्त झालं, मुळं कुजतील. शेतीपंपाची वीज रात्रीची असेल तर आदल्या रात्रीच टाकी किंवा शेततळं भरून ठेवा. दुपारी चुकलंच, तर पहाटे विहिरीचं पाणी ठिबकनं द्या. त्या वेळी ते हाताला कोमट लागतं.

वाफा ओला झाला की झाकण. क्रॉप कव्हर (पिकावर टाकायचं पातळ कापड) असेल तर उत्तम, नसेल तर जुन्या साड्या. बांबूच्या कामट्यांच्या कमानी करा, कापड फुलाला टेकू देऊ नका. ऊन उतरायच्या आत झाका. जेवून झाल्यावर झाकाल तर तोवर ऊब उडालेली असते. आणि कोरड्या वाफ्यावर झाकण टाकून तरी काय अडवणार? सकाळी हिमकण वितळले की कापड काढा, मधमाश्यांना फुलं मोकळी हवीत.

तुषार संच (स्प्रिंकलर) पहाटे सुरू केला तर फुलांवर धरलेला बर्फ वितळेपर्यंत बंद करता येत नाही. मध्येच वीज गेली तर न सुरू केल्यापेक्षा जास्त नुकसान. विजेचा भरवसा नसेल तर हात लावू नका. धुरानं फार काही साधत नाही आणि इथं वाळल्या गवताला आग लागायला वेळ लागत नाही.

'दंव-रोधक' टॉनिकवर पैसे घालू नका. अमिनो, सीवीड, जेल, नावं काहीही असोत, रात्री शून्याखाली गेलेलं फूल त्यानं वाचलेलं मी पाहिलं नाही. १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट खत) लिटरला ५ ग्रॅम फवारलं तर रोपाला पालाश आणि थोडं नत्र मिळेल, तेवढंच. मोहरीवर ०.१ टक्का गंधकाम्ल फवारतात हे खरं आहे, पण ते ऐकून स्ट्रॉबेरीच्या फुलावर मारू नका. युरिया या आठवड्यात अजिबात नको, कोवळी फूट आधी मरते.

रविवारी :
– खालच्या कोपऱ्यातल्या तापमापकाची नोंद
– काळी फुलं खुडून शेताबाहेर (त्यांवरच राखाडी बुरशी धरते)
– भाजलेली पानं तशीच ठेवा, छाटणीची घाई नको
– भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) दिसली तर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम, थंड वेळेत
– दुपारी पुन्हा मूठभर माती काढून लाडू वळून बघा, मगच पुण्या-मुंबईची गाडी धरा. सोमवारी पहाटे शेतावर कोणी नसेल, तर टाकीची किल्ली आणि कापडं शेजाऱ्याकडे देऊन जा.