त्वचेला न मानवणारा घटक कसा शोधावा

माझ्या आईने सलग अकरा वर्षे एकच हेअर डाय वापरला. बाराव्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर केस रंगवल्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी तिला डोळे उघडता येईनात. पापण्या सुजून मिटल्या होत्या, कानामागून लस येत होती आणि कपाळावर केसांच्या कडेकडेने लाल पट्टा उठला होता. आम्ही उशीच्या नव्या अभ्र्याला दोष दिला, जळमटे काढताना उडालेल्या धुळीला दिला, फराळाच्या तेलालाही दिला. डायचा विचार कोणाच्या मनात आला नाही, कारण तो वर्षानुवर्षे वापरातला होता आणि लावल्याला दोन दिवस उलटून गेले होते. ज्या दोन कारणांमुळे आम्ही डायला निर्दोष ठरवले, ती दोन्ही कारणे अ‍ॅलर्जीच्या बाबतीत गैरलागू असतात, हे आम्हाला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यावर कळले.

साबण, शाम्पू, क्रीम किंवा डिओडरंट यांमुळे त्वचेला होणारा त्रास दोन प्रकारचा असतो. पहिला प्रकार म्हणजे साधा दाह. एखादा तीव्र पदार्थ त्वचेचे वरचे आवरण खरवडून काढतो, तेव्हा लगेच किंवा काही तासांत आग होते, त्वचा ताणल्यासारखी वाटते, कोरडी पडून तडकते. हे कोणालाही होऊ शकते आणि पदार्थ किती लावला व किती वेळ राहिला यावर अवलंबून असते. दुसरा प्रकार म्हणजे वावडे, अर्थात अ‍ॅलर्जी. इथे शरीराची प्रतिकारशक्ती एका विशिष्ट घटकाला शत्रू मानू लागते. ही ओळख पक्की व्हायला काही आठवडे लागू शकतात किंवा कित्येक वर्षेही जाऊ शकतात. एकदा ती झाली की पुढे अगदी अल्प प्रमाणही पुरते, आणि पुरळ सहसा एक ते तीन दिवसांनी उठते. म्हणून शोध घेताना आज काय लावले यापेक्षा गेल्या तीन-चार दिवसांत काय काय लावले, हे विचारावे.

ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घेताना त्रास होऊ लागला, किंवा डोळ्यांभोवतीची सूज वेगाने वाढत असली, तर पुढील काहीही करत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे.

पहिली पायरी: पुरळ कुठे आहे ते नीट पाहावे

आरशासमोर, दिवसाच्या उजेडात उभे राहावे आणि पुरळाची जागा कागदावर टिपून ठेवावी. अर्धा शोध इथेच लागतो. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, की वस्तू जिथे लावली तिथेच त्रास होईल असे नाही. डोक्याची कातडी जाड असते, त्यामुळे शाम्पू किंवा डायचा त्रास पुष्कळदा डोक्यावर न होता तो ओघळून जिथे जातो तिथे, म्हणजे कपाळाच्या कडेला, कानामागे, मानेवर आणि पापण्यांवर होतो. पापण्यांची कातडी फार पातळ असते. त्यामुळे नखांना लावलेल्या नेलपॉलिशचे वावडेसुद्धा नखांजवळ न दिसता पापण्यांवर किंवा मानेच्या बाजूंवर दिसू शकते, कारण दिवसभरात आपला हात नकळत कितीतरी वेळा चेहऱ्याकडे जातो.

काखेत पुरळ असेल तर ते नेमके कुठे आहे हे बारकाईने पाहावे. काखेच्या खळग्यात असेल तर संशय डिओडरंटवर घ्यावा. खळगा स्वच्छ आणि भोवतीच्या कडांवर लाली असेल, तर कपड्याच्या रंगाचा किंवा कापडावरील प्रक्रियेचा विचार करावा. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडत असतील तर लिपस्टिकबरोबर टूथपेस्टही तपासावी, कारण दालचिनी आणि पुदिन्याचे स्वाद अनेकांना सोसत नाहीत. अंगठीखाली खाज येत असेल तर धातूवर ठपका ठेवण्यापूर्वी भांडी घासताना अंगठीखाली साचून राहणारा साबण आठवावा.

कपाळावर टिकलीच्या जागी पडणाऱ्या डागाबद्दल मला जरा अधिक सांगावेसे वाटते, कारण आपल्याकडे कित्येक स्त्रिया तो वर्षानुवर्षे मोठ्या टिकलीखाली झाकत राहतात. चिकट टिकलीच्या डिंकात काही वेळा पॅरा-टर्शरी-ब्यूटिल फिनॉल हे रसायन असते आणि ते त्वचेतील रंग तयार करणाऱ्या पेशींनाच इजा करते, म्हणून तिथे पांढरा डाग पडतो. कुंकवातील कृत्रिम रंगांमुळे याउलट काळसर डाग पडू शकतो. खाज नाही म्हणून दुर्लक्ष करू नये. रंग फिका होतो आहे असे दिसताच टिकली थांबवावी आणि डॉक्टरांना दाखवावे, कारण सुरुवातीला थांबवले तर डाग भरून येण्याची शक्यता अधिक असते.

दुसरी पायरी: सगळ्या वस्तू एका जागी मांडाव्यात

जमिनीवर वर्तमानपत्र पसरून न्हाणीघरातील, कपाटातील, पर्समधील आणि देवघराजवळील प्रत्येक वस्तू त्यावर मांडावी. हात धुण्याचा द्रव, दाढीचा फेस, डास पळवणारे क्रीम, ओले टिश्यू आणि अँटिसेप्टिक द्रवही त्यात असावेत. घरातील इतरांच्या वस्तूही घ्याव्यात, कारण नवऱ्याच्या आफ्टरशेव्हमुळे बायकोच्या गालावर पुरळ उठल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञांना नवीन नाहीत.

घटकांची यादी बहुधा इंग्रजीत आणि डोळ्यांना ताण पडेल इतक्या बारीक अक्षरांत छापलेली असते. मोबाइलने तिचा फोटो काढून तो मोठा करून वाचावा. ज्येष्ठांना वाचता येत नसेल तर घरातल्या कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावे. एक-दोन रुपयांच्या पाऊचवर अनेकदा यादीच नसते. अशी वस्तू शोध संपेपर्यंत बाजूला ठेवणेच बरे.

तिसरी पायरी: यादी वाचावी

भारतातील नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात आणि त्याहून कमी असलेले घटक नंतर कोणत्याही क्रमाने. दाह शोधायचा असेल तर यादीची सुरुवात महत्त्वाची, कारण तिथे प्रमाण मोठे असते. वावडे शोधायचे असेल तर यादीचे शेपूट शेवटच्या शब्दापर्यंत वाचावे लागते, कारण सुगंध आणि परिरक्षक, म्हणजे वस्तू टिकवणारी रसायने, तिथेच असतात आणि त्यांचे किंचितसे प्रमाणही पुरेसे ठरते.

सुरुवातीला दिसणाऱ्या नावांपैकी सोडियम लॉरिल सल्फेट हे सर्वांत परिचित. फेस आणणारे हे रसायन इतके हमखास दाह करते, की संशोधक त्वचेच्या दाहाचा अभ्यास करताना तेच मुद्दाम वापरतात. टूथपेस्टमध्येही ते असते आणि वारंवार तोंड येणाऱ्यांनी काही काळ त्याविना पेस्ट वापरून पाहावी. सोडियम लॉरेथ सल्फेट हे नाव जवळपास तसेच दिसते, पण ते तुलनेने सौम्य आहे. साबणाच्या वेष्टनावरील टीएफएमच्या (टोटल फॅटी मॅटर) आकड्याबद्दल मोठा गैरसमज आहे. पहिल्या प्रतीच्या साबणात तो किमान 76 टक्के असावा लागतो हे खरे, परंतु त्यावरून साबणातील चरबीयुक्त द्रव्याचे प्रमाण कळते, सौम्यपणा कळत नाही. खऱ्या साबणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) साधारण 9 ते 10 असतो आणि आपल्या त्वचेचा 5 च्या आसपास, त्यामुळे टीएफएम कितीही असला तरी भेगाळलेल्या त्वचेला साबण झोंबणारच.

शेपटाकडील नावांमध्ये मी सर्वांत आधी मिथाइलआयसोथायझोलिनोन हे परिरक्षक शोधते. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने 2013 मध्ये त्याला त्या वर्षातील प्रमुख अ‍ॅलर्जीकारक ठरवले. युरोपीय संघाने 2017 पासून अंगावर लावून ठेवायच्या प्रसाधनांत त्याला बंदी केली, तर धुऊन टाकायच्या प्रसाधनांत 0.0015 टक्के इतकीच मुभा ठेवली. हा आकडा पाहिला म्हणजे यादीच्या तळाशी असलेले नाव दुर्लक्षून का चालत नाही, ते समजते. डीएमडीएम हायडँटॉइन, क्वाटर्नियम-15, इमिडॅझोलिडिनिल युरिया आणि डायझोलिडिनिल युरिया ही परिरक्षक मंडळी हळूहळू फॉर्मल्डिहाइड हे वावडे करू शकणारे रसायन सोडतात. फॉर्मल्डिहाइडचे वावडे असलेल्याने ही सगळी नावे वहीत एकत्र लिहून ठेवावीत. याउलट ज्या पॅराबेन या परिरक्षकाची लोक सर्वाधिक धास्ती घेतात, त्याने त्वचेला अ‍ॅलर्जी होण्याचे प्रमाण इतके कमी आहे, की त्याच संस्थेने 2019 मध्ये त्याला मुद्दाम वर्षाचा बिगर-अ‍ॅलर्जीकारक म्हणून घोषित केले. केवळ ‘पॅराबेनविरहित’ हा शब्द पाहून वस्तू घेणाऱ्याने तिच्यात पॅराबेनऐवजी काय घातले आहे, ते जरूर वाचावे.

‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ या एका शब्दाआड अनेक सुगंधी द्रव्ये दडलेली असू शकतात. लिनालूल आणि लिमोनीन यांसारखी द्रव्ये ताजी असताना फारसा त्रास देत नाहीत, पण हवेशी संयोग होऊन ती बदलली की अ‍ॅलर्जी करू लागतात. म्हणून वर्षानुवर्षे उघडी पडलेली सुगंधी तेलाची बाटली त्वचेवर वापरू नये.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही समजूत मला मनापासून दूर व्हावीशी वाटते. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात गेल्यास फोड येऊन काळे डाग पडू शकतात. हळदीचेही वावडे असू शकते. दिवाळीच्या उटण्यात वरून सुगंध मिसळलेला असेल आणि ते खसाखसा चोळले, तर आधीच कोरड्या असलेल्या त्वचेला दुहेरी त्रास होतो. मेंदीच्या बाबतीत तर विशेष सावध राहावे. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगी ते तांबूस-तपकिरी येतो आणि चढायला काही तास लागतात. घटकाभरात काळाभोर रंग देणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पॅराफेनिलिनडायमिन, म्हणजे पीपीडी मिसळलेले असते. माझ्या आईला त्रास झाला तो याच रसायनामुळे. डायच्या खोक्यावर ‘अमोनियाविरहित’ लिहिले असले तरी आत पीपीडी असू शकते.

चौथी पायरी: सगळे थांबवावे

संशयित वस्तू तेवढी बंद करण्याचा मोह होतो, पण त्यातून निष्कर्ष निघत नाही, कारण तोच घटक दुसऱ्या चार वस्तूंत असतो. दोन ते चार आठवडे सर्व प्रसाधने बंद ठेवावीत. आंघोळीला कोमट पाणी, गरजेपुरता एखादा बिनसुगंधी व साबणविरहित क्लीन्झर, आणि अंग टिपल्यावर ओलसर त्वचेवर साधी बिनसुगंधी पेट्रोलियम जेली एवढ्यावर भागवावे. आंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिक घालू नये.

या काळात खाज असह्य झाली म्हणून औषधाच्या दुकानातून मनाने खाज, बुरशी आणि जंतू अशा ‘तिन्हीवर चालणारे’ मलम आणू नये. अशा मिश्रणात तीव्र स्टिरॉइड असते. चार दिवस आराम वाटतो, मूळ कारण झाकले जाते आणि चेहऱ्यावर सतत वापरल्यास त्वचा पातळ होऊन लाल पडते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा 14 स्टिरॉइडयुक्त मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय करू नये असा नियम केला आहे, तरीही ती सर्रास मिळतात.

पाचवी पायरी: एकेक वस्तू परत आणावी

त्वचा पूर्ण निवळल्यावर चाचणी सुरू करावी. अंगावर राहणारी वस्तू, उदाहरणार्थ क्रीम किंवा लोशन, कोपराच्या आतल्या बाजूस रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावावी. तारीख, वस्तूचे नाव आणि त्या जागेची स्थिती वहीत रोज लिहावी. लाली, खाज किंवा बारीक पुटकुळ्या दिसल्या की जागा धुऊन ती वस्तू कायमची बाद करावी. काही झाले नाही तर ती वापरात घ्यावी आणि मगच दुसरी सुरू करावी. साबण आणि शाम्पू मात्र असे लावून ठेवू नयेत, कारण ते तसे ठेवले तर निरोगी त्वचेलाही दाह होईल. ते नेहमीप्रमाणे लावून धुवावेत, पण एका वेळी एकच.

हेअर डायला ही रीत लागू नाही. ज्यांना पूर्वी कधीच त्रास झालेला नाही, त्यांनी प्रत्येक वेळी रंगवण्यापूर्वी खोक्यावरील सूचनेप्रमाणे 48 तासांची चाचणी करावी. डायने किंवा काळ्या मेंदीने एकदा जरी त्रास झाला असेल, तर घरी पुन्हा चाचणी करण्याच्या भरीस पडू नये.

सहावी पायरी: पॅच टेस्ट

इतके करूनही दोषी सापडला नाही, किंवा पुरळ पुन्हापुन्हा उठत राहिले, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्टची विचारणा करावी. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत ही सोय असते. भारतीयांच्या वापरातील वस्तू ध्यानात घेऊन तयार केलेला अ‍ॅलर्जीकारकांचा संच उपलब्ध आहे. त्याचे छोटे ठिपके चिकटपट्टीने पाठीवर लावतात, दोन दिवसांनी काढून पहिली पाहणी करतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी दुसरी. पहिल्या पाहणीत काही दिसले नाही म्हणून दुसरीला जाणे टाळू नये, कारण काही वावडी उशिराच उमटतात. पट्ट्या असेपर्यंत पाठ भिजवता येत नाही आणि घाम आला तर त्या सुटतात, त्यामुळे मुंबई-कोकणाकडील मंडळींनी जमल्यास हिवाळ्यातील तारीख घ्यावी. पोटात घेतलेल्या किंवा पाठीवर लावलेल्या स्टिरॉइडमुळे निकाल चुकू शकतो, म्हणून चालू औषधांची यादी सोबत न्यावी. नेहमी वापरातली प्रसाधनेही मूळ वेष्टनासह न्यावीत.

निकालात निघालेल्या घटकाचे नाव इंग्रजी स्पेलिंगसह कार्डावर लिहून घ्यावे, कारण दुकानात ते नाव वेष्टनावर अक्षरशः जुळवून पाहावे लागते. आईचे कार्ड तिच्या मोबाइलमध्ये पहिल्याच फोटोत आहे. पार्लरमध्ये ते दाखवायचेच, शिवाय दवाखान्यातही दाखवायचे, कारण पीपीडीचे वावडे असलेल्यांना सल्फा गटातील काही औषधे आणि बेंझोकेन हे बधिर करणारे औषधही बाधू शकते. दाताच्या डॉक्टरांकडे गेल्यावर खुर्चीत बसण्यापूर्वी ती आता मोबाइल पुढे करते.