सोयाबीन पेरायच्या आधी घरीच उगवण बघून घ्या
सोयाबीन स्वपरागसिंचित (स्वतःच्याच परागाने दाणा धरणारं) पीक आहे, म्हणजे सरळ वाणाचं (संकरित नसलेल्या) घरचं बियाणं दोन-तीन वर्षं आरामात वापरता येतं, दरवर्षी महागाची बॅग आणायची काहीच गरज नाही. पण सोयाबीनचं टरफल लई पातळ असतं बरं का, पोती आपटली नाहीतर मळणीयंत्र जास्त स्पीडने चालवलं की दाणा आतून मार खातो, वरून मात्र चकाचक दिसतो. म्हणून पेरणीच्या आधी टेस्ट कराच.

गोणपाटाचा तुकडा ओला करायचा, त्यावर न निवडता घेतलेले १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत ठेवायचे, वरून दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजा. (निवडून चांगलेच दाणे घेतले तर टेस्टला काय अर्थ!) ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बास, ६० च उगवले तर ३५ किलोच्या आसपास घ्या, त्याहून फारच कमी आले तर ते बियाणं पेरूच नका.

आणि पावसाच्या पहिल्या सरीला घाई नको, ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन ओल खोल गेली की मगच पेरा, तेही ३-४ सेंमीपेक्षा खोल नको. बीजप्रक्रियेत (पेरणीआधी बियाण्याला औषध चोळताना) आधी बुरशीनाशक, रायझोबियम (हवेतलं नत्र पिकाला मिळवून देणारं जिवाणू खत) सगळ्यात शेवटी.