फोनच्या कॅमेऱ्याला फ्लॅश आहे का? अँड्रॉइडच्या कोडमध्ये असं तपासा

क्यूआर स्कॅनरमध्ये टॉर्चचं बटण द्यायचं असेल, तर ते कधी दाखवायचं नाही हे आधी ठरवा. कित्येक टॅब्लेटना फ्लॅशच नसतो. अंधारात बटण दाबूनही उजेड पडला नाही, की माणसाला फोनच बिघडल्यासारखं वाटतं.

सगळ्यात सोपा मार्ग पॅकेजमॅनेजरचा, म्हणजे फोनमध्ये काय काय सोयी आहेत हे सांगणाऱ्या अँड्रॉइडच्या क्लासचा. त्याच्या 'हॅजसिस्टमफीचर'ला 'फीचर_कॅमेरा_फ्लॅश' द्या; ट्रू किंवा फॉल्स मिळेल. परवानगी लागत नाही. पण हे उत्तर अख्ख्या फोनबद्दल असतं. मागच्या कॅमेऱ्याला फ्लॅश असला की ट्रू येतं, मग सेल्फी कॅमेऱ्याला तो नसला तरी बटण दिसत राहतं. म्हणून मी एवढ्यावर थांबायला सांगणार नाही. प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळं विचारा.

१. 'गेटसिस्टमसर्व्हिस'कडून कॅमेरामॅनेजर घ्या. तो अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे एपीआय २१ (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा कोडमधला क्रमांक) पासून आहे.

२. 'कॅमेराआयडीलिस्ट'वर लूप फिरवा. मागचा कॅमेरा शून्य नंबरचाच असेल असं गृहीत धरू नका. 'लेन्स_फेसिंग' वाचून खात्री करा.

३. प्रत्येक आयडीसाठी 'गेटकॅमेराकॅरॅक्टरिस्टिक्स' बोलवा आणि त्यातून 'फ्लॅश_इन्फो_अव्हेलेबल' वाचा. कोटलिनमध्ये इथे नल (म्हणजे रिकामं उत्तर) येऊ शकतं, त्यामुळे किंमत थेट इफमध्ये न टाकता ट्रूशी ताडून बघा.

४. आत्ता चालू असलेल्या कॅमेऱ्याचं उत्तर ट्रू असेल तरच बटण दाखवा. कॅमेरा बदलला की पुन्हा तपासा.

कॅमेराएक्स (कॅमेऱ्यासाठीची गूगलची तयार लायब्ररी) वापरत असाल तर काम आणखी हलकं: कॅमेराइन्फोवरचं 'हॅजफ्लॅशयुनिट' एका ओळीत हेच सांगतं.

फ्लॅश असणं आणि तो या क्षणी मोकळा असणं यांत मात्र फरक आहे. 'सेटटॉर्चमोड' (एपीआय २३ पासून, यालाही कॅमेऱ्याची परवानगी लागत नाही) बोलवताना दुसरं अ‍ॅप कॅमेरा वापरत असेल तर 'कॅमेराॲक्सेसएक्सेप्शन' येतं. ते ट्राय-कॅचमध्ये पकडाच, नाहीतर अ‍ॅप क्रॅश होईल. त्याहून बरं म्हणजे 'रजिस्टरटॉर्चकॉलबॅक' लावा. 'ऑनटॉर्चमोडअनअव्हेलेबल' आलं की बटण फिकं करा आणि 'ऑनटॉर्चमोडचेंज्ड' आलं की पुन्हा चालू करा.

मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपला काय काय लागतं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) कॅमेरा-फ्लॅशचं 'युजेस-फीचर' लिहिलं असेल तर 'रिक्वायर्ड' फॉल्स ठेवा. नाहीतर फ्लॅश नसलेल्या फोनवर प्ले स्टोअर तुमचं अ‍ॅप इन्स्टॉलच करू देणार नाही.